पलीकडच्या गावचं पाणी

डेल्फिना अर्चुलेटाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली आणि जेवणंही उभ्यानेच झाली. निवृत्त झाल्यावर ओहो दुल्से गावाच्या पाणी मंडळाचं अध्यक्षपद तिच्या गळ्यात पडलं, तेही तिच्या या खोडीमुळेच. नवा अध्यक्ष कोण, असं सभेत विचारल्यावर सगळे माना खाली घालून बसले आणि ही नेमकी खिडकी लावायला उठली. "उभी राहिलीच आहे तर होऊ दे तिलाच," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसत हसत घरी गेले.

न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या डोंगरांत मूठभर घरांचं हे गाव. गावाला एकच विहीर. तिचं पाणी इतकं गोड की शहरात गेलेली पोरं सुट्टीला आली की परत जाताना कॅन भरून नेत. डेल्फिनाचा नवरा ओनोफ्रे, त्याच्या बापाने चार सोबत्यांना घेऊन ती खणली होती. त्याच पाण्याच्या तपासणीत युरेनियम निघालं. कुणी मिसळलेलं नव्हतं, खडकातूनच उतरत होतं.

राज्याच्या पाणी खात्याची सूचना घेऊन डेल्फिना घरोघर फिरली. म्हाताऱ्या तिबुर्सियोने कागद न वाचताच परत केला.

"माझा बाप नव्वदीपर्यंत हेच पाणी प्यायला."

"आणि तुझी आई पन्नाशीत किडनीने गेली," डेल्फिना म्हणाली. "ती कुठलं पाणी पीत होती?"

बोलून गेली आणि तिचाच जीव चरकला. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी खात्याची इंजिनिअर हॉर्टनबाई आली आणि म्हणाली, "उकळू नका. वाफ निघून जाते, युरेनियम खालीच राहतं." डेल्फिनाने पातेलं अंगणात उपडं केलं. 

हॉर्टनबाईने दोन वाटा सांगितल्या. सरकारी अनुदानातून शुद्धीकरण यंत्र बसवता येईल. पण ते रोज चालवायला शिकलेला माणूस लागेल आणि त्यातून निघणारा विषारी गाळ दूर नेऊन टाकावा लागेल. एवढ्याशा गावाला ते झेपणारं नव्हतं. दुसरी वाट म्हणजे पलीकडच्या ला कान्यादा गावाच्या खोल, स्वच्छ विहिरीवरून पाइप आणायचा. दोन्ही गावांनी मिळून एकच मंडळ केलं, तर सगळा खर्च अनुदानातून होईल. अर्ज मात्र थंडीच्या आत गेला पाहिजे.

"ला कान्यादा?" ओनोफ्रेने हातातली रोटी खाली ठेवली. "त्यापेक्षा मी युरेनियम पितो."

एका कोरड्या साली ला कान्यादाच्या लोकांनी फळी टाकून शेतीच्या पाटाचं पाणी वरच अडवलं होतं. मारामारी झाली. ओनोफ्रेने त्यांच्या बेलार्मिनोचा दात पाडला. हा बेलार्मिनो म्हणजे डेल्फिनाच्या मोठ्या बहिणीचा, ओर्लिंदाचा नवरा, आणि आता तिथल्या पाणी मंडळाचा अध्यक्ष. तेव्हापासून दोघी बहिणी फक्त मयताला भेटत.

डेल्फिना ट्रक काढून निघाली. बहिणीच्या दारापर्यंत गेली, इंजिन चालू ठेवून बसली आणि परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. घरी तिचा पाय ठरेना; घेवडा निवडता निवडता उठायची, पंपघराला चक्कर मारून यायची, आणि कशाला निघाली ते वाटेतच विसरायची. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ओर्लिंदा एप्रनला हात पुसत फाटकापर्यंत आली.

"पेट्रोल फुकट मिळतं का गं तुला?"

"वळण चुकलं."

"दर वेळी माझ्याच दारात चुकतं? उतर खाली. कॉफी झालीय."

डेल्फिना उतरली. कॉफी निवली तरी तिच्याने कप उचलवेना. टेबलाशी बसलेल्या बेलार्मिनोने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग ओठ वर करून दातांमधली फट दाखवली.

"हे तुझ्या नवऱ्याचं काम. आणि आता पाणीही आम्हीच द्यायचं?"

"त्याच्यासाठी नाही मागत."

"मग कुणासाठी?"

"शाळेत मी ज्यांना जेवायला घालायचे, त्यांची पोरं आता तेच पाणी पितात, बेलार्मिनो. तान्ह्यांच्या बाटलीतल्या दुधातही तेच."

 ओर्लिंदाने त्याच्यासमोरची बिस्किटांची बशी उचलून बहिणीपुढे सरकवली, तेव्हा तो खाकरला. "मंडळाला नाव आमचं. अध्यक्ष आमचा. तुमची विहीर बंद, कायमची. पुन्हा कुणी चोरून पंप लावायचा नाही."

"मान्य," डेल्फिना म्हणाली. पण तिच्या मान्यतेने काही होणार नव्हतं. गावाने हात वर करायला हवे होते.

सभा चर्चच्या मागच्या खोलीत भरली. डेल्फिना अटी सांगत होती आणि बोटांनी टेबलाची कड घासत होती. गलका झाला. "गाव विकलंस!" तिबुर्सियो ओरडला. मग ओनोफ्रे उठला.  घरात चार दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता.

"माझा बाप त्या विहिरीत उतरला तो गावाला चांगलं पाणी मिळावं म्हणून," तो म्हणाला. "मी या ठरावाच्या बाजूने हात वर करणार नाही. माझ्याने होणार नाही. पण विरोधातही करणार नाही. ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघू नये."

तो टोपी घालून बाहेर गेला. पहिला हात एका गरोदर बाईने वर केला. मग एकेक करत बहुतेकांनी केला. तिबुर्सियोने नाही केला.

अर्ज गेला. हिवाळाभर डेल्फिना टपालपेटीकडे खेटे घालत राहिली, बर्फातसुद्धा. टपालवालीच वैतागून म्हणाली, "कोमाद्रे, बाई गं, आलं तर मी हॉर्न वाजवीन, घरात बस ना गं!" वसंतात तिने खरंच हॉर्न वाजवला, फाटकापासून दारापर्यंत सलग. अनुदान मंजूर झालं होतं. डेल्फिना पत्र हातात धरून अंगणात गोल गोल फिरत राहिली. रडावं की हसावं, तिला कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात पाइप आला. विहीर बुजवायला कंत्राटदाराची माणसं आली, तेव्हा ओनोफ्रे फावडं घेऊन आधीच तिथे उभा होता. "तुम्ही यंत्र चालवा. शेवटचा थर मी टाकणार." समोरच्या ट्रकमधून बेलार्मिनो उतरला. त्याच्याही हातात फावडं होतं. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. सिमेंट मात्र दोघांनी मिळून सारखं केलं.

संध्याकाळी ओनोफ्रेने नळाचं पाणी पेल्यात घेतलं, एक घोट तोंडात घोळवला.

"कसलीच चव नाही याला."

"सवय होईल," डेल्फिना म्हणाली.

"तुला झाली?"

"नाही अजून."

त्याने पेला संपवला. डेल्फिना आता कशाचीच अध्यक्ष नव्हती, कुठे जायचं नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. ती थोडा वेळ खुर्चीत बसली. मग उठून तिने किल्ल्या घेतल्या.

"आता कुठे?"

"ओर्लिंदाकडे. येतोस?"

त्याने टोपी घातली. ट्रक सुरू झाल्यावर फाटक उघडायला तोच पुढे गेला.