शेवटच्या नावापर्यंतची यादी

दत्ता भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. फोन आमच्या पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षांचा. म्हणाले, "वहिनी, फार वाईट झालं. निष्ठावंत माणूस गेला..." दोन वर्षं ज्याला गावासमोर मान वर करू दिली नाही, तो मेल्यावर निष्ठावंत! जिभेवर आलं होतं, पण बोलले नाही. वेळेवर न बोलण्याची मला सवयच आहे, आणि तेच आज सांगायचंय.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती तास, ही पाळीची यादी काढणं हे त्यांचं संस्थेतलं काम. कॉम्प्युटर स्वतःच शिकले. माझं शिक्षण सातवी. मी महिला राखीव जागेवर संचालक झाले तेव्हा मलाही समोर बसवलं. "नुसत्या सह्या नका ठोकू वहिनी, काय छापलंय ते बघा तरी!" यादीचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, पायथनच्या जुन्या व्हर्जनवर चालायचा. पायथन म्हणजे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतो ती यंत्रणा, एवढं मला समजलं. पुढं शेतकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप धाडणारा नवा प्रोग्राम आला, त्याला नवंच व्हर्जन लागायचं. सर्व्हर तर एकच. भाऊजींनी दोन्ही व्हर्जन शेजारीशेजारी बसवली आणि कोणत्या प्रोग्रामनं कोणतं घ्यायचं ते ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवलं. मी म्हटलं, "एका घरात दोन चुली मांडल्या की हो!" तर हसून म्हणाले, "म्हणून तर दोन्ही जावा सुखात हायेत. फक्त सासूनं मधी हात घालू नये."

हात घातला तो अध्यक्षांच्या जावयानं. पोरीचं लग्न नुकतंच झालेलं, धोंड्याचा महिना, जावई पुण्याहून जेवायला आलेले. भाऊजी पाथर्डीला पाहुण्यांच्या दहाव्याला गेले होते. सासरे कौतुकानं जावयाला संस्थेत घेऊन आले, नि ते सर्व्हरपुढं बसून म्हणाले, "मामा, हे जुनं कशाला ठेवलंय? कचरा आहे. काढतो, सगळं नव्यावर चालवू." मी तिथंच होते, चहा घेऊन. म्हटलं, "भाऊजी आल्यावर विचारलं तर..." अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, जावईबापू परदेशातली कामं करतात. आपला दत्त्या त्यांना शिकवणार व्हय?" मी कप पुढं केला.

जावईबापूंनी जुनं व्हर्जन काढून टाकलं. त्याच दिवशी यादी नव्यावर छापायला घेतली आणि ती निम्म्यात थांबली. कागद तर निघाले होते, तेवढीच यादी समजून वाटून टाकले. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या लोकांची नावं त्यात आलीच नाहीत. पावसानं दडी मारलेली, त्यात पाळी हुकली. भाऊजींनी परत येऊन जुनं व्हर्जन बसवलं, पूर्ण यादी काढली, पण तोवर कालवा बंद झाला होता. डोळ्यांदेखत त्या लोकांचं सोयाबीन करपलं.

मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, "दत्तानं एका मशीनवर दोन-दोन व्हर्जनचा घोळ घातला, म्हणून हे झालं." तेच प्रोसिडिंगला, मीटिंगच्या वहीत, लिहिलं. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, एकदाच. मी खाली बघत राहिले. नवी सोयरीक, धोंड्याचा जावई, त्याचा पाणउतारा चारचौघांत कसा करायचा... अशी मनाची समजूत घातली. भाऊजींना काढलं मात्र नाही. यादी काढणार कोण? टपरीवर टेलचे विठोबा आण्णा विचारायचे, "काय दत्ता, आमची नावं कुठल्या व्हर्जनात घातली रं?" सगळे हसायचे. भाऊजींनी टपरी सोडली, मग पारावर बसणं सोडलं. घर ते संस्था, संस्था ते घर. एके सकाळी संस्थेतच छातीत कळ आली, आणि संपलं.

तेराव्यानंतर मी अध्यक्षांकडं गेले, प्रोसिडिंग दुरुस्त करा म्हटलं. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, वहिनी? जावयाला अख्खं आयुष्य काढायचंय." म्हणून इथं लिहिते. घोळ भाऊजींनी घातला नव्हता, जुनं व्हर्जन जावयानं काढलं. मी समोर उभी होते.

परवा संस्थेत गेले. त्यांची खुर्ची भिंतीला लावलीय, पण पाळीची यादी अजून त्यांच्याच प्रोग्रामवर, त्याच जुन्या व्हर्जनवर निघते. पार शेवटच्या नावापर्यंत. शेवटचं नाव विठोबा आण्णांचं. तो कागद घेऊन मी त्यांच्या वस्तीवर गेले आणि सगळं सांगितलं. आण्णांनी कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे त्यो जिता असताना का न्हाई सांगितलं, बाई?"