काकीचं पहिलं नाव

दुपारचे अडीच वाजलेत. संग्रहालयाच्या शंखविभागात पंखा फिरतोय, डबा खाऊन झालाय, आणि मी टेबलावर हात दुमडून त्यावर गाल टेकवलाय. झोपायचं नाहीये. संध्याकाळपर्यंत लेख पाठवायचाय. पाच मिनिटं डोळे मिटायचे, एवढंच.

समोर काचेच्या बशीत मोहरीएवढा एक शंख आहे. समुद्रातल्या एका बारक्या गोगलगायीचा. ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही, याची दोन वर्षं खपून मी खात्री करून घेतलीय. तिला नाव द्यायचं काम माझं. एकदा छापलं की ते नाव कायमचं, मागाहून कितीही चुटपुट लागली तरी बदलता येत नाही. तिथेच मी अडलेय. शाईचं पेन आणि शंखासोबत ठेवायची लाल चिठ्ठी हाताशी आहे, चिठ्ठी अजून कोरीच.

हा शंख मला आवडाकाकी मेथरने मिळवून दिला. मालवणजवळच्या खडपांवर, समुद्रातल्या खडकांवर, तिने चाळीस वर्षं कालवं काढली. शेवाळाचा झुबका गोड्या पाण्यात झटकला की त्यातले बारके जीव तळाशी पडतात, हे मला तिनेच शिकवलं. शंख सापडला त्या दिवशी ती म्हणाली होती, एकदा माका मोठो करून दाखव. मी हो म्हटलं, पुढच्या खेपेला म्हटलं, आणि गेल्या पौषात ती गेली.

जातीला तिचंच नाव द्यायचं ठरवून तिच्या सुनेला फोन केला, तर सून म्हणाली, "आवडा हे सासरचं नाव हो ताई. आईंना ते कधीच पटलं नाही. माहेरचं काय होतं, ते सांगणारं आता कुणी राहिलं नाही."

पंख्याचा आवाज येतो, मागे सरतो. येतो, मागे सरतो. पायांना गार लागतं.

"पाय वर घे गो बाय. ओढणी भिजात."

काकी माझ्या टेबलाशी उभी आहे. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कालवं फोडायची कोयती. फरशीवर घोटाभर पाणी आहे, स्वच्छ, आणि त्यातून कपाटांचे पाय दिसतायत.

"काकी, तू कशी आलीस?"

"सुकती आसा ना, पाणी ओसारला. चलत इलंय."

ती गेलीय हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. पण त्यावर बोलायला दोघींनाही सवड दिसत नाही. ती कपाटाचा एक खण ओढते. आत ओळीने छोट्या डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. काही चिठ्ठ्या लाल.

"ही तांबडी कित्या?"

"तो मूळ नमुना, काकी. नाव देणाऱ्याने ज्या एका शंखावरून नाव दिलं, तो. पुढे जगात कुणालाही शंका आली, तर याच्याशी ताडून बघायचं."

"म्हणजे ह्यो राजा."

"राजा नाही. साक्षीदार."

ती चिठ्ठ्यांवरच्या नावांवरून बोट फिरवते. तिला वाचता येत नव्हतं. आता ती भराभर वाचतेय आणि हसतेय. "सगळे सायबच गो! ह्यातलो एक तरी कधी खडपार इलेलो? गुडघो तरी भिजवलेलो?"

"काहींनी भिजवला असेल."

"मगे ठीक," ती उदारपणे म्हणते आणि खण लावून टाकते. लावताना आतून लाटेचा आवाज येतो. "आता माजो दाखव."

मी सूक्ष्मदर्शकाखाली बशी सरकवते. काकी एक डोळा मिटून वाकते.

"अगो," ती म्हणते, "ह्येका जिने आसत."

आणि आम्ही जिन्यावर आहोत. गोल गोल वर चढणारा, भिंती अबोलीच्या रंगाच्या, इतक्या पातळ की पलीकडचं ऊन आत झिरपतंय. काकी पुढे. पायऱ्या तिच्या पायाखाली नवीन मडक्यासारख्या वाजतात. तिचा गुडघा दुखत नाही.

"मोहरीत एवढी जागा!" ती वरून ओरडते. "आणि मी अशी पसाभर बाल्दीतसून ओतून देयलेली!"

मला इतकं हसू येतं की कठड्याला धरावं लागतं. मग एकदम रडू येतं. "काकी, मी तुला वेळेवर दाखवला नाही गं."

"आता बघतंय ना? चल, वर चल."

"आणि नावही माहीत नाही मला तुझं. आमच्याकडे नियम आहे, आधी जे दिलेलं असेल तेच नाव खरं. नंतर कुणी कितीही चांगलं दिलं तरी ते रद्द."

ती थांबते. वळते. चेहरा असा उजळतो की मला तिच्याकडे बघवत नाही.

"आधीचा नाव खरा? ह्यो कायदो आसा?"

"जगभर."

"बायलांका पण?"

"गोगलगायींना तरी आहे."

"माका लग्नात ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या आंगठेन् नवा नाव लिवलेला," ती सांगते. "सगळ्यांनी टाळये वाजवले. मी तेरा वर्षांचा चेडू. तांदूळ मगे भात करून खाल्लो."

जिना संपतो. वर अंगण आहे, सारवलेलं. एक तरुण बाई मांडी घालून पिवळ्या फुलांचे वळेसर गुंफतेय. वासाने डोकं भरून जातं. ती मान वर न करता हाक मारते, "सुरंगे! गो सुरंगे! खंय गेलंस?"

"इलंय, आये!"

काकी धावते. धावता धावता लुगड्याचा परकर होतो, अंबाड्याच्या दोन वेण्या होतात. कोयती कुठे पडली कळत नाही. अर्ध्या अंगणातून ती मागे वळून माझ्याकडे बघते, तेरा वर्षांची, धापा टाकत, पुढचा एक दात किंचित वाकडा.

"आयकलंस मा?"

"ऐकलं."

"मगे बसलंस काय? लिव!"

मी जागी होते. पंखा. कपाटं. फरशी कोरडी. तीन वाजून दहा मिनिटं झालीत आणि मी एकटी बसून हसतेय. शंख बशीत जागच्या जागी आहे. माझ्या मुठीत शाईचं पेन आहे, टोपण काढलेलं. गालाखाली दबलेल्या लाल चिठ्ठीवर शाई फिसकटलीय. काही वाचता येत नाही.

मी उठून बेसिनपाशी जाते. आरशात बघते. ओली शाई गालावर उलटी उमटलीय आणि आरशाने ती सुलटी केलीय. अक्षरं वाकडी, पण स्पष्ट आहेत.

सुरंगी.

तोंड न धुता मी लेख उघडायला परत जाते.