भीमराज पाटकऱ्यानं निवडलेला समुद्र

भीमराज अण्णांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. सकाळी आठच्या ठोक्याला ते इस्त्रीचा खाकी शर्ट चढवत, पायात बूट घालत आणि गावाबाहेर कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबाखाली जाऊन बसत. चारीचं दार आता दुसऱ्याच्या हातात होतं. तरी अण्णा बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशा नजरेनं बघत की त्यानं थांबून काहीतरी विचारलंच पाहिजे. लोक रामराम घालून पुढे जात.

एकतीस वर्षं ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला, कोणत्या दिवशी आणि किती वेळ, हे कागदावर साहेब ठरवत. चारीवर मात्र अण्णा ठरवत. आणि त्यांचा एक नियम होता : पाण्याची खरी वेळ कोणाला सांगायची नाही. खरी वेळ सांगितली की माणूस घरी जाऊन झोपतो, मग पाटकऱ्याला कोण ओळखतो? म्हणून ते मंगळवार म्हणायचे आणि पाणी गुरुवारी सोडायचे. मधले दोन दिवस तो शेतकरी चार-चार वेळा कडुनिंबाखाली यायचा, तंबाखू मळून द्यायचा आणि खालच्या आवाजात विचारायचा, "अण्णा, येतंय ना पानी?" अण्णा आभाळाकडे बघत म्हणायचे, "बघू." या 'बघू'वर त्यांनी उभी हयात काढली. पैशाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. लावला असता तर लोकांनी केव्हाच माफ केलं असतं.

नवा पाटकरी मोबाईलवर ग्रुप करून पाण्याची वेळ आदल्या दिवशी कळवून टाकायचा आणि पाणी त्या वेळेला यायचं. अण्णांना याचा मनस्वी संताप. "पानी काय लग्नाची पत्रिका हाय का, आधी छापून वाटायला?" असं ते बायकोला, म्हणजे मालनबाईला, रोज एकदा विचारत. मालनबाई उत्तर देत नसे. तिनं उत्तरं देणं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं.

अशात गावातल्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की एका दिवसात समुद्र बघून यायचा. नगर जिल्ह्यातून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही, पण बायकांना धरणं बघून कंटाळा आला होता. सोळा जणी तयार झाल्या. कोणता किनारा, यावर पंधरा दिवस नुसता गोंधळ. एकीला मोबाईलवर दिसलेलं उंटावरचं पोरगं पाहिजे होतं, एकीला देऊळ पाहिजे होतं, एकीला फक्त गाडी न लागणारा रस्ता. शेवटी मालनबाईनं गटाच्या अध्यक्ष सविताला बाजूला घेतलं. "सविता, एकदा आमच्या मानसाला विचार गं. न्हाई विचारलंस तर चार महिने मला घास गोड लागू देनार न्हाईत."

सविता शाळेत शिकवलेली कविता म्हणावी तशी दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, पान्यातलं तुमाला कळतं. कोन्त्या किनाऱ्याला जावं?"

सहा वर्षांनी कोणीतरी दारात येऊन पाण्याबद्दल विचारत होतं. अण्णांचा ऊर भरून आला. तो त्यांनी शर्टाच्या बटणाआड दाबला आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "बघू. परवा ये."

परवा ती आली, तर ते म्हणाले, "सोमवारी ये." चार खेटे घातल्यावर कुठे त्यांनी तोंड उघडलं, आणि उघडलं ते नावं ठेवायला. अलिबाग? तिथं म्हणजे आठवड्याचा बाजार, फक्त मेथीच्या जागी माणसं. काशीद? तिथं घोडागाड्या, वाळू कमी आणि लीद जास्त. दिवेआगर? जायलाच दिवस जाईल, मग समुद्र काय गाडीच्या काचेतून बघणार? केळवा? तिथं मुंबईवाले येतात, आणि मुंबईवाल्यांना पाणी नळातून येतं, त्यांना त्यातलं काय कळतंय. स्वतः अण्णांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, खात्याच्या प्रशिक्षणाला मुंबईला गेले तेव्हा, दहा मिनिटं. तेवढ्यात त्यांनी त्याच्याविषयी मत करून घेतलं होतं. "एवढं पानी आन् त्याला एक दार न्हाई," ते आजही सांगत. "कोनाच्या ताब्यात न्हाई, कोनाच्या कामाचं न्हाई. नुसतं हलतंय."

मग त्यांनी गाडीवाल्या कानिफनाथाला बोलावलं. कानिफनाथ पन्नाशीचा, सतरा सिटांची स्वतःची गाडी चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मोबाईलवर वरून काढलेले किनाऱ्यांचे फोटो अण्णांनी तासभर बोटानं सरकवले. एका ठिकाणी वाळूचा पट्टा एवढा रुंद होता की त्यावर चारी काढून दहा एकर ऊस केला असता. "हा," अण्णा म्हणाले. "मोकळी जागा, गर्दी न्हाई. गाडी थेट पान्यापर्यंत जाती. ह्याला म्हनत्यात किनारा." अलिबागच्या पुढचं ते लहान गाव. त्याचं नाव इथे सांगत नाही, तिथल्या लोकांची यात काहीच चूक नाही.

माघातल्या एका रविवारी गाडी भल्या पहाटे निघाली आणि दहाला पोचली. अण्णा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. वाटेत त्यांनी तीन घाट, दोन चहावाले आणि पुण्यातला एक उड्डाणपूल नापास केला. समुद्र आला तेव्हा तो खरोखरच फोटोतल्यासारखा लांब होता. मध्ये ओली, कडक, सपाट वाळू. बायका सीटवरून अर्ध्या उठल्या. सगळ्यांत मागे बसलेली भागिरथी खिडकीवर तोंड टेकून बघत राहिली. तिचं रान चारीच्या पार शेवटाला होतं. वरच्या सगळ्यांचं भिजून झाल्यावर जे उरेल ते पाणी तिच्या वाट्याला यायचं.

"घे आत," अण्णा कानिफनाथाला म्हणाले.

"अण्णा, वर सुरूच्या झाडाखाली लावतो. सावली हाय."

"आन् बायकांनी डबे, पिशव्या कुटवर व्हायच्या? घे म्हनलं ना आत."

गाडी वाळूवर पाऊण फर्लांग आत जाऊन थांबली. वर झाडाखाली शहाळी विकणारी एक बाई बसली होती, हातात कोयता, कासोटा मारलेलं लुगडं. ती तिथूनच ओरडली, "ओ काका! गाडी वरती लावा! दीड वाजता भरतीचा पानी तितवर येल!"

अण्णा सावकाश तिच्यापर्यंत चालत गेले. एकतीस वर्षांची नोकरी त्यांच्या चालीत होती. "किती वाजता म्हनलीस?"

"दीडला. साडेपाचला उतरल."

अण्णा हसले. हे हसू फार जुनं होतं. बाई लहान असल्यापासून शहाळी विकत असेल, पण पाणी म्हणजे काय ते अण्णांना शिकवणार होती! "दीडला," ते म्हणाले. "पावने दोनला न्हाई, दोनला न्हाई. दीडला. कोनी सांगितलं तुला?"

"सांगनार कोन? येतच तो."

"बाई, मी एकतीस वर्षं पानी सोडलंय. सांगितल्या टायमाला पानी आल्यालं मी तर बघितलं न्हाई." आणि हे खरंच होतं, कारण ते कधी येऊ नये याची काळजी त्यांनी स्वतः घेतली होती. पण माणसानं आयुष्यभर एकच लबाडी केली की पुढे ती त्याला निसर्गनियम वाटायला लागते. अण्णा परत आले आणि बायकांना म्हणाले, "दीड म्हनतीय, म्हंजे संध्याकाळ धरा. जेवून घ्या निवांत. पानी कवा येतं ते मला इचारा."

कानिफनाथानं सात तास गाडी चालवली होती. अण्णांचा शब्द ऐकून तो झाडाखाली जाऊन आडवा झाला. बायका पाण्याकडे पळाल्या. मालनबाई सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होती, मग मध्ये आली, मग दिसेनाशी झाली. अण्णा गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. सव्वाला ती शहाळीवाली कोयता टाकून स्वतः खाली आली आणि म्हणाली, "काका, काढा हो गाडी." अण्णांनी तिच्याकडे न बघता हात हलवला. हा हातही जुनाच. शेवटाच्या शेतकऱ्यांना तो चांगला ओळखीचा होता.

दीड वाजता पाणी आलं. आवाज नाही, गडबड नाही. एक पातळ पापुद्रा वाळूवरून सरकत आला आणि अण्णांच्या बुटांना लागला. त्यांनी पाय वर घेतले. दुसरा पापुद्रा खुर्चीखालून पलीकडे गेला. कानिफनाथ बोंबलत धावत आला, गाडी चालू केली, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा खाली. बायका मिळून ढकलू लागल्या, पिशव्या डोक्यावर घेऊन पळू लागल्या, भाकरीचा एक डबा तरंगत निघाला तो निघालाच. पंधरा मिनिटांत पाणी गाडीच्या पायरीला टेकलं. गावातून ट्रॅक्टरवाला आला, त्यानं एकदा बघितलं आणि मान हलवली. "आता नाय निघायचा. साडेपाचला पानी उतरल, तवा ओढू."

कानिफनाथ वर जाऊन गाडीकडे पाठ करून बसला.

बायकांनी थोडा वेळ हळहळ केली. मग गाडी निघत नाही तोवर करायचं काय, म्हणून पुन्हा पाण्यात शिरल्या. पाणी आता अगदी जवळ आलं होतं, त्यासाठी चालायचीही गरज नव्हती. त्यांना काही विचारायचं असलं की त्या शहाळीवालीकडे जात. मालनबाई गेली. सविता गेली. "आजून वाढंल का, बाई?" "उद्या किती वाजता येतं?" "उद्या तासभर उशिरा," ती सांगे. कितीतरी जणी अण्णांच्या पुढ्यातून गेल्या. एकीनंही त्यांना विचारलं नाही.

अण्णा वरच्या दगडी बांधावर बसले, बूट हातात. ओले मोजे बांधावर वाळत टाकलेले. अडीचला ते उठून शहाळीवालीकडे गेले. "उतरंल ना?" "साडेपाचला." पावणेतीनला पुन्हा गेले. तीनला गेले, सव्वातीनला गेले, साडेतीनला गेले. पावणेचारला त्यांनी शहाळं घेतलं, प्यायचं नसताना, आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाई, जातंय ना पानी?" तिनं कोयत्यानं लांब समुद्राकडे दाखवलं, जणू तिथे लिहून ठेवलं होतं. अण्णांची मनोमन इच्छा होती की हिचं चुकावं. सहा वाजावेत, सात वाजावेत. गाडी बुडाली तरी चालेल, पण एकदा तरी हिला तोंडघशी पडलेलं बघावं.

चारच्या सुमाराला भागिरथी ओल्या लुगड्यानं वर आली आणि बांधावर थोडं अंतर ठेवून बसली. पदर पिळत म्हणाली, "सा येळा."

"काय?"

"सा येळा इचारलं तुमी तिला. मी मोजत हुते."

अण्णांनी वाळत टाकलेला मोजा उलटा केला.

"चार तास लई जड जातात, न्हाई का," भागिरथी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माजी आय गेली, तवा सकाळी सांगावा आला. मी तुमाला इचारायला आले. म्हनलं, अण्णा, पानी आज येतंय का, म्हंजे मी जाऊन येते. तुमी म्हनले, आज येतंय, हलू नको, पाळी जाईल. घरात दुसरं कोन नव्हतं, गहू सुकत हुता. मी हलले न्हाई. म्हायेरचे लोक दुपारपत्तोर माजी वाट बघत बसले, मंग मला सोडून त्यांनी उरकून घेतलं. पानी तिसऱ्या दिशी आलं."

खाली बायका एकमेकींना धरून लाटेत बसत होत्या. मालनबाईचा हसण्याचा आवाज वर येत होता. अण्णांनी तो फार वर्षांत ऐकला नव्हता, म्हणून त्यांना आधी ओळखूच आला नाही.

"कोन्त्या सालची गोष्ट?" अण्णांनी विचारलं.

"साल कशाला पायजे? आता लिवून घेता का?"

"मला... मला सांगायचं हुतंस, आय गेली म्हनून."

"सांगितलं हुतं," भागिरथी म्हणाली. "तुमी आभाळाकडं बघत हुते."

ती उठली, पदर कमरेला खोचला. "बसा निवांत. ती साडेपाच म्हनलीय ना, मंग साडेपाचलाच जाईल." आणि ती उतरून परत पाण्यात गेली.

अण्णांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शहाळीवाली दहा पावलांवर बसली होती, पण तिला पुन्हा विचारायला त्यांची जीभ उचलेना.