गप्प बसण्याचा तास

कॅन्सरच्या स्कॅनिंग सेंटरमध्ये हसण्यासारखं काय घडणार, असं मला लोक विचारतात. बाबांनो, माणसं घाबरली की जे काही करतात ना, ते इथे रोज साठत जातं. मी टेक्निशियन. अलिबागजवळ आमचं छोटं सेंटर आहे, आणि सगळा कारभार शिल्पा मॅडमचा. मॅडम डॉक्टर आहेत, पण मनाने शिक्षिका.

प्रत्येक पेशंटला त्या समजावतात, "ह्या इंजेक्शनमधून पॉझिट्रॉन निघतो. तो इलेक्ट्रॉनसारखाच, फक्त भार उलटा. शरीरातला इलेक्ट्रॉन त्याला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. मशीन ते किरण पकडतं आणि भेट कुठे झाली ते दाखवतं."

पेशंट मान डोलावतो आणि विचारतो, "चहा कधी प्यायचा?"

*

हे किरणोत्सर्गी औषध नवी मुंबईहून शिशाच्या डब्यात येतं आणि वाटेतच विरत जातं. दोन तासांत जवळपास अर्धं! एकदा आमचा ड्रायव्हर मंगेश वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकला. मॅडमनी मोजलं आणि सहज म्हणाल्या, "अर्धंच उरलंय रे."

मंगेशचा चेहरा पडला. "मॅडम, आईची शपथ, डबा उघडलेला न्हाय. वाटेत कुणी हात बी लावला न्हाय."

मॅडमनी त्याला अर्धा तास फिजिक्स समजावलं. दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या डब्याला स्वतःचं कुलूप लावून आणतो.

*

इंजेक्शननंतर तासभर शांत बसायचं. बोलायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. कॅन्सरसारखाच काम करणारा स्नायूही औषध ओढून घेतो आणि स्कॅनमध्ये पेटलेला दिसतो. मग ते काम की दुखणं, हे सांगणं अवघड होतं.

रेवदंड्याच्या एक काकू आल्या होत्या. स्कॅनमध्ये मान स्वच्छ, पण दोन्ही हात कोपरापासून खाली झगमगत होते. मॅडम चक्रावल्या. मी खोलीत जाऊन बघितलं तर खुर्चीखाली पिशवी, पिशवीत सोललेली कोलंबी.

काकू शांतपणे म्हणाल्या, "बोलायचं न्हाय म्हणालास, बोलले न्हाय. कोलंबी काय आपोआप सोलली जाते?"

*

पण तळा गावच्या वसंतदादांपुढे काकू काहीच नाहीत. दादांना गळ्याचा कॅन्सर झालेला. उपचार संपले होते आणि तो खरंच गेला का, हे स्कॅन सांगणार होतं. दादा आले बायकोबरोबर. चालताना दादांचा तोल जायचा, म्हणून सोबतीच्या माणसाला आम्ही शिशाच्या पडद्याआड बसू देत होतो. दादा तासभर बोलत राहिले. पाऊस, सुपारी, जावई, काही सोडलं नाही. गळा असा पेटला की स्कॅन वाया गेला.

मी वैतागलोच. म्हटलं, "दादा, पुढच्या वेळी असा माणूस आणा, ज्याच्याशी तुम्ही बोलतच नाही."

दादांनी ते मनावर घेतलं आणि धाकट्या भावाला, सुधीरला घेऊन आले. शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. कित्येक वर्षं! पहिलं कुणी बोलायचं, तिथेच गाडी अडलेली. मी मनात म्हटलं, झकास.

स्कॅन झाला. बाकी सगळं स्वच्छ होतं, गळा मात्र पुन्हा पेटलेला.

मॅडमनी विचारलं, "दादा, बोललात का?"

दादांनी नकारार्थी मान हलवली.

"सुधीरभाऊ, तुम्ही?"

"मी? ह्याच्याशी? गावात कुणालाबी इचारा."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मग अवघड आहे. न बोलता गळा असा दिसत असेल, तर दुखणं परत आलं असं धरावं लागेल. गळ्यातला तुकडा काढून तपासायला मुंबईला जावं लागेल."

दादा म्हणाले, "कधी जायचं मुंबईला?"

ते ऐकून सुधीर उभाच राहिला. डोळे भरून आले होते त्याचे. "न्हाय मॅडम, कापू नका त्याला. बोलला तो. तासभर बोलला. पयला मी बोललो, म्हणून बोलला. लिवा तुमच्या कागदावर, पयला सुधीर बोलला."

दादांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"त्याचं काय ऐकता, मॅडम," ते म्हणाले. "पयला मी बोललो."