आरशासमोरचं वाक्य

तोंडावर हात नसलेला माझ्या मावशीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला. लहानपणी टाके घालून जोडला, पण डावीकडे ओढ राहून गेली ती गेलीच. हसू आलं की तिचा हात आपसूक वर जायचा. आई म्हणायची, "अगं, जेवताना तरी खाली घे तो." मावशी हसायची, अर्थात हाताआडून.

असल्या बाईला पोटापाण्यासाठी मिळालं काय, तर चेहरे काढायचं काम. ॲनिमेशनच्या स्टुडिओत ती पात्रांना बोलतं करायची. तिथे प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असे. पात्राच्या तोंडी जे वाक्य घालायचं ते आधी आरशात बघून स्वतः म्हणायचं, ओठ कसे हलतात ते न्याहाळायचं आणि कागदावर उतरवायचं. त्यामुळे दिवसभर खोलीत कुणी हुंदके देतंय, कुणी धमक्या देतंय, आणि मान वर करून कुणी बघत नाही. नवख्याला वाटावं, वेड्यांच्या बाजारात आलो.

मावशीच्या मागच्या टेबलावर, तिच्याकडे पाठ करून, आभाळवाले काका बसायचे. देखाव्यांमधली आभाळं तेच रंगवायचे, म्हणून हे नाव. मावशीच्या आरशात तिच्या ओठांशेजारी त्यांची वाकलेली मान दिसायची. तिचा जीव जडला तो त्या मानेवर. बोलायची मात्र छाती होईना.

मग शाळकरी पोरांच्या प्रेमाचा एक चित्रपट आला. त्यातली मुलगी स्वतःच्या रूपाला, आवाजाला लाजून गप्प गप्प राहणारी. शेवटी ती मुलासमोर उभी राहून सरळ म्हणते, "मला तू आवडतोस." ते दृश्य मावशीकडे आलं. तिने काढलेल्या मुलीचा हातही तोंडावर! दिग्दर्शकाने कागद परत केले.

"हात खाली घे तिचा. तोंडच दिसणार नसेल तर एवढा खटाटोप कशाला केला आपण? जमत नसेल तर सांग, दुसऱ्याला देतो."

मावशी जागेवर आली. उजवा हात मांडीखाली दाबून बसली आणि आरशात बघून म्हणाली, "मला तू आवडतोस." बघत होती ती मात्र स्वतःच्या ओठांकडे नाही, त्या मानेकडे. सिनेमाच्या आडून का होईना, तिने एकदाचं बोलून टाकलं होतं. तिला वाटलं, आता तरी तो वळेल.

काकांचा कुंचला थांबला. मान न वळवताच ते म्हणाले, "शब्द गिळतेयस. ओठ जरा जास्त उघड."

हे मला मावशीनेच सांगितलं, मी कॉलेजात असताना, हसत हसत. मला काही हसू आलं नाही. मला त्या माणसाचा राग आला आणि तिचा त्याहून जास्त आला. दृश्य मंजूर झालं. मुलीचा ओठ बोलताना डावीकडे किंचित ओढला जात होता, तो दिग्दर्शकाने तसाच ठेवला. काकांनी पुढे लग्न केलं. मावशीने केलं नाही.

यंदा मावशी गेली. काका भेटायला आले, तेव्हा आई भिंतीवर लावायला फोटो शोधत होती आणि प्रत्येक फोटोत तो मेला हात. मग मी कॉम्प्युटरवर ते दृश्य लावलं. निदान ओठ तरी दिसले असते.

काका चष्मा पुसून बघत राहिले. "हे वाक्य मी पाठीमागे बसून ऐकलंय," ते म्हणाले. "फार मेहनत घेतली तिने. दृश्य मंजूर झालं, आम्ही दुसऱ्या कामाला लागलो, तरी अधूनमधून म्हणायची. मला वाटायचं, सवयच लागली असेल..."

बोलता बोलता ते थांबले. पडद्यावरची मुलगीही ओठ उघडे ठेवून थांबली होती. आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तिने मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं, काका," मी म्हटलं. "तुम्ही ओठ जास्त उघडायला सांगितलंत."