अर्ध्या खड्ड्याची नोंद

फसवलं आमची हद्द वाटून घेतलेल्या त्या दोन सरकारी कचेऱ्यांनी आणि फसलो आम्ही पळस्प्याचे दुकानदार. डासांची पाहणी दोघे मिळून करू, नोंदी एकमेकांना देऊ, असं त्यांनी आमच्या तोंडावर सांगितलं होतं.

माझ्या फरशीच्या दुकानामागे पाण्याने भरलेला मोठा खड्डा होता. दर मंगळवारी एका कचेरीची बाई तिथे यायची. नाव मी कधी विचारलं नाही. कचेरीने पळी दिली नाही म्हणून ती घरचं ओगराळं आणायची. त्यातलं पाणी उन्हात धरून, एक डोळा मिटून, अळ्या मोजायची. पण अलीकडच्याच काठावर.

माझी बायको मलेरियाने दवाखान्यात पडली, तेव्हा मी त्या कचेरीच्या बाईवर ओरडलो, "पलीकडचं कोण बघणार?"

"शेट, अर्धा खड्डा आमचा हाय, अर्धा नाय. तिकडचा मानूस येतच नाय."

"मग डासांना सांगा, हद्द ओलांडू नका म्हणून!"

 ती पदर खोचून पलीकडे गेली आणि ओगराळं बुडवलं. अळ्याच अळ्या. तिने त्या वहीत लिहिल्या.

पुढच्या मंगळवारी, वही जमा करायला जाताना ती दुकानात थांबली आणि वही उघडून दाखवली. तिच्या साहेबाने पलीकडच्या अळ्यांची ओळ लाल शाईने खोडून शेजारी लिहिलं होतं, 'हद्दीबाहेरील'.

"माजं काम बंद केलंय," ती म्हणाली. "पन अळ्या खोट्या नवत्या, शेट."



बायको घरी आली, पण अजून धड उठत नाही. ओळ खोडणाऱ्या साहेबाने माझ्या घरी यावं आणि तिच्या खाटेशी उभं राहून सांगावं, त्या अळ्या कुणाच्या होत्या?