प्रार्थना होईना, आणि शिरपूरला जायचं होतं

जानेवारीत विमलअक्कांचा फोन आला. "शोभा, शुक्रवारी धुळ्याला पित्ताशयाचं ऑपरेशन शे. तू ये. माझ्याजवळ बसून प्रार्थना कर."

हो म्हणाले आणि फोन ठेवताच घाबरले. अक्का निवृत्त नर्स. जळगावात आमच्या शेजारी राहायच्या तेव्हा रोज सकाळी देवासमोर प्रार्थनेला बसायला त्यांनीच मला शिकवलं. आणि मी सात-आठ महिने बसलेच नव्हते. रविवारी चर्चला जायचे, गीतंही म्हणायचे, पण देवाची ओढ कुठे गेली ते कळत नव्हतं. घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.

गुरुवारी शाळेतून रजा घेऊन सकाळची चोपड्याची एसटी पकडली. जळगावहून शिरपूरला जायचं तर चोपड्यावरून जा, धुळ्याचा वळसा वाचतो. बायकांना अर्धंच तिकीट. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. खिडकीतून डोळ्यांना गार वाटत होतं. अक्कांपुढे काय बोलायचं, ते मी मात्र मनात जुळवत होते. अभ्यास न करता परीक्षेला निघाल्यासारखं.

शिरपूर स्टँडवर पोहे खाल्ले आणि तिथून काळीपिवळीने अक्कांचं गाव गाठलं. गाडी भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा हाताशी तासभर जास्तीचा ठेवा.

अक्का अंगणात उन्हाला बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. त्यांच्या भाचेसुनेने, रेखाने, भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवण होताच अक्कांनी विचारलं, "रोज बसतेस ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग कर प्रार्थना. माझं हृदय कमजोर शे, डॉक्टर घाबरवतात."

मी त्यांचा हात धरला, डोळे मिटले. 'हे प्रभू' म्हणाले आणि पुढे शब्दच येईना. रेखा भांडी घासायची थांबली. शेवटी मी म्हटलं, "अक्का, मी खोटं बोलले. कित्येक महिने बसले नाही. बसावंसं वाटतच नाही."

मला वाटलं, अक्का आता रागावतील.

"मला काय रोज वाटतं?" त्या म्हणाल्या. "ड्युटीला जायचे तेव्हा रोज कुठं वाटायचं? पण पेशंट वाट बघायचे. उद्या पहाटे माझ्याबरोबर बस. बोलू नको."

पहाटे आम्ही दोघी शाली पांघरून बसलो. अक्का पुटपुटत होत्या, मध्येच देवाशी गुडघेदुखीवरून भांडत होत्या. मी ऐकत होते. काहीही वाटलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मग गाडी करून धुळ्याला गेलो. महामार्ग चांगला आहे, सव्वा तासात पोहोचलो. अकराला अक्कांना आत नेलं. रेखा फॉर्म भरत होती आणि मी बाकावर बसून होते. तेव्हा मात्र आतून हाक उठली, देवा, ये. तासभर तीच एक हाक. पण लगेच शंकाही आली : मला देव हवा आहे, की फक्त अक्का वाचायला हव्या आहेत?

दोनच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "ठीक आहेत." संध्याकाळी अक्कांनी डोळे उघडले. "चहा कधी देतीन?" असं नर्सला विचारलं. मी रडले. पण रडतानाही धास्ती होतीच : आता काळजी सरली, ही हाकही सरेल.

दुसऱ्या दिवशी पारोळा-एरंडोलमार्गे परतले. ही एसटी दर थोड्या वेळाने मिळते. एरंडोलला बस थांबली तेव्हा चहा घेतला, पण तो गोड लागला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. अक्का बऱ्या आहेत, त्यांच्यासाठी मागण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी रोज सहाला उठून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते. पहिले पाच दिवस कोरडेच गेले. नुसती घड्याळाकडे बघायचे. काल नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग उद्या मलाही उठव."

आज दोघं बसलो. साडेसहाला तो आंघोळीला गेला. मलाही डबा करायचा होता, कणीकसुद्धा मळलेली नव्हती. पण उठवेना. अजून थोडं बसावंसं वाटत होतं.